‘भासवणे’ कधी लिहावे, कसे लिहावे : मराठीत नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

वृत्तपत्राच्या कार्यालयात, वकिलाच्या हाताखाली, बँकेच्या चौकशी विभागात किंवा भाषांतराच्या कामात जो कोणी मराठी लेखनाला नव्याने सुरुवात करतो, त्याची पहिल्या काही आठवड्यांतच ‘भासवणे’ या क्रियापदाशी गाठ पडते. ‘पोलीस असल्याचे भासवून दागिने लांबवले’, ‘बनावट सातबारा खरा असल्याचे भासवून कर्ज उचलले’ अशी वाक्ये रोज नजरेखालून जातात आणि काही दिवसांनी ती विचार न करताच हातून उतरू लागतात. या लेखात मला जे सांगायचे आहे ते याच सवयीविषयी आहे. ‘भासवले’ असे लिहिणारा माणूस दोन विधाने स्वतःच्या जबाबदारीवर करत असतो. दाखवली गेलेली गोष्ट खोटी होती, हे पहिले विधान; आणि ती खोटी आहे हे दाखवणाऱ्याला ठाऊक होते, हे दुसरे. या दोन्हींची खात्री नसेल, तर मराठीत दुसरी क्रियापदे भरपूर आहेत.

उमेदवारीच्या काळात मी एका बातमीत ‘परिचारिका असल्याचे भासवून’ असे लिहिले होते. ती स्त्री रीतसर शिकलेली आणि नोंदणी झालेली परिचारिका होती. फक्त त्या रुग्णालयातली तिची नोकरी सुटलेली होती. दोन दिवसांनी चार ओळींचा खुलासा छापला गेला, पण तोवर ती ज्या वस्तीत राहत होती तेथे मूळ बातमीचे कात्रण फिरून झाले होते. शब्द माझा होता आणि त्याची किंमत तिने मोजली. पुढे दिलेल्या पायऱ्या त्या चुकीनंतर मी स्वतःसाठी आखून घेतल्या.

पहिली पायरी : ‘भासणे’ समजून घ्यावे

‘भास्’ या संस्कृत धातूचा अर्थ प्रकाशणे, दिसणे असा आहे. ‘भास्कर’ आणि ‘भासमान’ हे शब्द त्याच कुळातले आहेत. अंधारात पडलेली दोरी साप वाटते, हे वेदान्तातले उदाहरण मराठी घरांत कीर्तन-प्रवचनांतून पोहोचलेले आहे. त्या उदाहरणात दोरी कोणालाही फसवत नाही, फसवण्याचा हेतू कोणाचाच नसतो, तरीही पाहणाऱ्याला साप भासतो. ‘भासणे’ या क्रियापदाचे हे मुख्य लक्षण आहे. त्यात अनुभव घेणारा असतो आणि त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो, पण घडवून आणणारा कोणी नसतो. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी भासते. पहाटेच्या धुक्यात समोरचा डोंगर जवळ आल्यासारखा भासतो.

येथे नवख्यांची एक गफलत होते. भासलेली प्रत्येक गोष्ट खोटीच असते, असे ते धरून चालतात. वास्तविक मराठीत ‘गरज भासणे’, ‘उणीव भासणे’, ‘टंचाई भासणे’ हे प्रयोग पूर्णपणे खऱ्या गोष्टींसाठी होतात. ‘एप्रिलपासून गावाला पाण्याची टंचाई भासू लागते’ या वाक्यात टंचाई काल्पनिक आहे असे कोणीही समजत नाही. ती जाणवू लागते, एवढाच त्याचा अर्थ आहे. मात्र त्याच वाक्यात ‘व’ शिरला, म्हणजे ‘व्यापाऱ्यांनी खताची टंचाई असल्याचे भासवले’ असे झाले, की अर्थ उलटतो. मग टंचाई नव्हतीच आणि भाव चढवण्यासाठी ती उभी केली गेली, असा आरोप त्या वाक्यात येतो. ‘हसणे’वरून ‘हसवणे’ आणि ‘भिजणे’वरून ‘भिजवणे’ होते तसेच ‘भासणे’वरून ‘भासवणे’ झाले आहे, पण हसवण्यात किंवा भिजवण्यात मुळातच काही दोष नाही. ‘भासवणे’मध्ये कर्ता आला की त्याच्याबरोबर हेतूही येतो.

कर्ता निर्जीव असेल तर हा हेतू गळून पडतो. ‘समोरासमोर लावलेले आरसे लहान दुकान मोठे भासवतात’ या वाक्यात आरशांवर कोणताही आळ नाही.

दुसरी पायरी : लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारावेत

दाखवलेली गोष्ट खोटी असल्याचे सिद्ध झाले आहे का, आणि दाखवणाऱ्याला ते माहीत होते का, हे ते दोन प्रश्न आहेत. सर्वांत सोपे उदाहरण ‘डिजिटल अटक’ या नावाने चालणाऱ्या फसवणुकीचे आहे. व्हिडिओ कॉल करणारा माणूस गणवेश घालून बसतो आणि समोरच्याला ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असे सांगतो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. त्यामुळे ‘अटक केल्याचे भासवून रक्कम उकळली’ असे निःशंकपणे लिहिता येते. जी गोष्ट कायद्यात अस्तित्वातच नाही ती खरी असण्याची शक्यता उरत नाही, आणि मुद्दाम गणवेश चढवून बसलेल्या माणसाच्या हेतूविषयीही संशयाला जागा राहत नाही.

बहुतेक प्रकरणे इतकी स्वच्छ नसतात. एखाद्याने आपण जमिनीचा मालक आहोत असे सांगून व्यवहार केला आणि आता भावाभावांत मालकीचा दावा न्यायालयात चालू आहे, अशा वेळी ‘मालक असल्याचे भासवले’ असे लिहिणे म्हणजे न्यायालयाच्या आधी आपणच निकाल देणे होय. तेथे ‘मालक असल्याचे सांगितले’ किंवा ‘मालकीचा दावा केला’ असे लिहावे. फिर्यादीने तसा आरोप केला असेल तर ‘भासवल्याचे फिर्यादीत म्हटले आहे’ अशी रचना करावी, म्हणजे शब्द कायम राहतो आणि त्याची जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडेच राहते.

दुसऱ्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते. दुकानदाराला स्वतःलाच घाऊक व्यापाऱ्याने रासायनिक गूळ सेंद्रिय म्हणून विकला असेल आणि त्याने तो तसाच पुढे विकला असेल, तर त्याने काहीही भासवलेले नाही. त्याने चुकीची माहिती दिली आहे. ‘गैरसमज झाला’, ‘चुकीची माहिती दिली’, ‘गैरसमज करून दिला’ आणि ‘भासवले’ ही चार वाक्ये दोषाच्या चढत्या पायऱ्या आहेत. कोणत्या पायरीवर थांबायचे हे पुराव्यावरून ठरवावे, बातमीला धार यावी म्हणून ठरवू नये.

गप्प राहण्याविषयी येथेच सांगून टाकतो. एखाद्याने खरी गोष्ट सांगितली नाही, तर भाषेच्या दृष्टीने त्याने ती ‘दडवली’ किंवा ‘लपवली’. ‘भासवणे’साठी काहीतरी उभे करावे लागते, मग ते बोलणे असो, कागद असो, पोशाख असो किंवा नुसता चेहऱ्यावरचा भाव असो. गाडी विकताना अपघाताचा विषयच न काढणाऱ्याने अपघात दडवला. ‘एकदाही ठोकर लागलेली नाही’ असे म्हणणाऱ्याने गाडी निर्दोष असल्याचे भासवले. कायद्याची व्याख्या मात्र अधिक व्यापक आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील फसवणुकीच्या कलम ३१८ च्या स्पष्टीकरणात अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणे हीदेखील फसवणूकच धरली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक दडवण्याचा समावेश आहे. म्हणून कायदेशीर मजकुराचे भाषांतर करताना दडवणे आणि भासवणे यांपैकी मूळ मजकुरात काय आहे ते नीट पाहावे आणि एकाच्या जागी दुसरे घालू नये.

तिसरी पायरी : वाक्याची बांधणी

सर्वांत अधिक चालणारी रचना ‘-ल्याचे भासवणे’ ही आहे : आजारी असल्याचे भासवले, पैसे भरल्याचे भासवले, ओळखत नसल्याचे भासवले. दुसरी रचना ‘असे’ने जोडलेल्या वाक्याची आहे : ‘आपल्याला यातले काहीच ठाऊक नाही, असे त्याने भासवले.’ भासवलेली गोष्ट लांबलचक असेल तेव्हा ही दुसरी रचना घ्यावी, कारण ‘असल्याचे’पर्यंत पोहोचेपर्यंत वाचकाचा श्वास संपतो. तिसरी रचना थेट विशेषणाची आहे : ‘त्याने पितळेची अंगठी सोन्याची भासवली.’

भूतकाळात क्रियापदाचे रूप कशाप्रमाणे बदलते, हे येथे लक्षात ठेवावे. ‘पितळेची अंगठी सोन्याची असल्याचे भासवले’ असे लिहिताना क्रियापद नपुंसकलिंगी राहते; ‘अंगठी सोन्याची भासवली’ असे लिहिताना ते अंगठीप्रमाणे स्त्रीलिंगी होते; आणि कर्माला ‘ला’ लागला, जसे ‘तिने स्वतःला श्रीमंत भासवले’, तर ते पुन्हा नपुंसकलिंगी होते. ‘अंगठी सोन्याची असल्याचे भासवली’ हे मिश्रण चुकीचे आहे आणि घाईत लिहिलेल्या मजकुरात ते वारंवार सापडते.

नकार कोठे ठेवायचा हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘आजारी असल्याचे भासवले नाही’ याचा अर्थ, त्याने आजाराचे नाटक केले नाही. ‘आजारी नसल्याचे भासवले’ याचा अर्थ, तो आजारी होता आणि त्याने ते कोणाला कळू दिले नाही. पहिले वाक्य धडधाकट माणसाचे असू शकते, दुसरे मात्र आजारी माणसाचेच असते. या दुसऱ्या वाक्यावरून हेही दिसते की ‘भासवणे’ नेहमीच निंदेचे नसते. परगावी शिकणाऱ्या मुलाचा फोन आला की दवाखान्यातल्या खाटेवरून बोलणारी आई घरीच असल्याचे भासवते, तेव्हा गोष्ट खोटी आहे आणि हेतूही आहे, पण तो हेतू मायेचा आहे. ‘ढोंग’ हा शब्द तेथे कोणीही वापरणार नाही. ‘भासवणे’ हा शब्द तेथे चालतो आणि शोभतो.

आता ‘भासवून’कडे वळू. मराठीत ‘-ऊन’ प्रत्ययाच्या क्रियेचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच असावा लागतो. ‘बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून निवृत्त शिक्षक फसले’ या वाक्यात, लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असले तरी, व्याकरणाने शिक्षकांनाच भामटे ठरवले आहे. ‘बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून एकाने निवृत्त शिक्षकांना फसवले’ हे योग्य वाक्य होय. ‘फसवणूक करण्यात आली’ ही कर्ता झाकणारी रचना पोलिसांच्या टिपणांत असते आणि कर्ता खरोखरच अज्ञात असेल तेव्हा ती चालवून घ्यावी. परंतु कर्ता माहीत असताना ‘असे भासवण्यात आले’ म्हणून त्याला पडद्याआड ठेवू नये.

लेखनाविषयी एवढेच, की ‘भासवणे’ आणि ‘भासविणे’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. शासकीय मजकुरात दुसरे अधिक दिसते. एका लेखात एकच रूप ठेवावे.

चौथी पायरी : शेजारचे शब्द ओळखावेत

‘फसवणे’ला ‘फसवणूक’ हे नाम आहे, तसे ‘भासवणे’ला स्वतःचे रुळलेले नाम नाही. त्यामुळे नाम हवे असले की मराठी शेजारच्या शब्दांकडे जाते, आणि ते शेजारी एकमेकांसारखे दिसत असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मला या विषयातला हाच भाग सर्वांत जास्त आवडतो.

‘आव’ गुणाचा किंवा भावनेचा असतो आणि तो ‘आणतात’ : साळसूदपणाचा आव, विद्वत्तेचा आव, काळजीचा आव. ‘पोलिसाचा आव आणला’ असे मराठीत होत नाही, कारण पोलीस असणे हा गुण नाही. तेथे ‘बतावणी’ लागते, आणि ती ‘करतात’. बतावणी मुख्यतः बोलण्यातून होते. तमाशातही गण आणि गवळणीनंतर आणि वगाच्या आधी जी संवादांची जुगलबंदी रंगते तिला बतावणीच म्हणतात. ‘सोंग’ मात्र सगळ्या देहाने घ्यावे लागते. सोंगी भारुडात, दशावतारात किंवा शिमग्याला माणसे सोंग आणतात तेव्हा पाहणाऱ्याला सारे ठाऊक असते आणि त्यात कसलीही फसवणूक नसते. घरी मात्र झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही म्हण गावोगावी टिकून राहिली आहे ती तिच्यातल्या अनुभवामुळे.

‘बनाव’ घटनेचा असतो आणि तो ‘रचतात’. ‘अपघात झाल्याचे भासवले’ आणि ‘अपघाताचा बनाव रचला’ यांत फरक आहे. पहिल्यात नुसते सांगणेही पुरते, पण दुसऱ्यात गाडी दरीत ढकलणे, काच फोडणे, असा प्रसंग उभा केलेला असावा लागतो. ‘बहाणा’ कारणाचा असतो : ‘पत्ता विचारण्याच्या बहाण्याने मंगळसूत्र हिसकावले’. येथे ‘पत्ता विचारत असल्याचे भासवून’ असे लिहिणे अवघडलेले वाटते, कारण त्याने पत्ता खरोखरच विचारलेला असतो. खोटे असते ते विचारण्यामागचे कारण. ‘आमिष’ पुढे मिळणाऱ्या गोष्टीचे असते. ‘नोकरीचे आमिष दाखवून पैसे घेतले’ आणि ‘नोकरी लागल्याचे भासवून पैसे घेतले’ हे दोन वेगळे प्रकार आहेत; दुसऱ्यात बहुधा बनावट नेमणूकपत्रही असते. जे आज आहे किंवा काल झाले त्याविषयी भासवता येते, उद्याविषयी आमिष, आश्वासन किंवा थाप हेच शब्द येतात.

‘तोतया’ हा शब्द दुसऱ्याचे नाव किंवा पद घेऊन वावरणाऱ्यासाठी आहे, आणि मराठीत त्याला इतिहासाचे वजन आहे. १७६१ च्या पानिपतानंतर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ खरोखरच रणात पडले का, अशी लोकांच्या मनात शंका राहिली आणि आपणच भाऊ आहोत असे म्हणत एक माणूस पुढे आला. त्याला मानणारेही निघाले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. आज तोतया पोलीस, तोतया अधिकारी असे लिहितात, पण डॉक्टर मात्र ‘बोगस’ असतो, नोटा आणि शिक्के ‘बनावट’ असतात, दागिने ‘नकली’ असतात आणि दुधात ‘भेसळ’ असते. याला नियम सापडत नाही; कान तयार करणे हाच उपाय आहे.

‘ढोंग’ आणि ‘ढोंगी’ हे निवाडा देणारे शब्द आहेत. अग्रलेखात ते लिहावेत, बातमीत किंवा अहवालात लिहू नयेत. ‘मानभावी’ हा शब्द मी पूर्णपणे सोडला आहे. तो महानुभाव पंथाच्या नावावरून आला आहे आणि एका पंथाच्या नावाला लोकांनी चिकटवलेला दोष आपण पुढे चालवावा, असे मला वाटत नाही. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार मात्र जपण्यासारखा आहे. पेडगाव हे श्रीगोंदा तालुक्यातले भीमाकाठचे गाव आहे, आणि सगळे कळत असून न कळल्याचे भासवणाऱ्यासाठी याहून नेमका प्रयोग मला माहीत नाही. बोलण्यात ‘भासवणे’ फारसे येतच नाही; तेथे लोक ‘मी त्या गावचाच नाही असे दाखवतो’ म्हणतात. कथेतल्या किंवा मुलाखतीतल्या संवादांत म्हणूनच ‘भासवणे’ घालू नये.

पाचवी पायरी : इंग्रजी आणि हिंदीतून येणाऱ्या चुका टाळाव्यात

‘चुकीची छाप पाडली’ हा प्रयोग इंग्रजीच्या साच्यातून आला आहे. मराठीत छाप पडते ती गुणांची, वक्तृत्वाची, व्यक्तिमत्त्वाची. खोट्या समजुतीसाठी ‘चुकीचा समज करून दिला’ किंवा ‘दिशाभूल केली’ असे म्हणावे. हिंदीत ‘आभास होना’ म्हणजे चाहूल लागणे, अंदाज येणे. मराठीत आभास म्हणजे नसलेल्या गोष्टीचे दिसणे. म्हणून ‘मला धोक्याचा आभास झाला’ असे मराठीत लिहिले तर धोका नव्हताच, असा अर्थ निघतो. ‘धोक्याची चाहूल लागली’ असे लिहावे.

‘विरोधाभास’ या शब्दाचेही असेच झाले आहे. हा अलंकार आहे, आणि त्यात विरोध केवळ वरवर दिसतो, अर्थ उलगडला की तो नाहीसा होतो. मंत्र्यांच्या दोन विधानांत खरोखरच मेळ नसेल तर ती ‘विसंगती’ आहे. तिला विरोधाभास म्हटले की ‘हा विरोध खरा नाही’ असे, लिहिणाऱ्याच्या मनाविरुद्ध, त्यांच्या बाजूने बोलून होते. ‘आभासी वर्ग’, ‘आभासी चलन’ हे नवे प्रयोग आता रुळले आहेत. परंतु आभासी वर्गात खरा शिक्षक खऱ्या मुलांना शिकवतो, तेव्हा शक्य तेथे ‘ऑनलाइन वर्ग’ म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

सहावी पायरी : एक मजकूर दुरुस्त करून पाहावा

समजा, नवख्या बातमीदाराने असे लिहून आणले आहे : ‘पोलीस असल्याचे भासवून ७० वर्षीय महिला फसली. पुढे चोरी झाल्याचे भासवून तिला दागिने काढण्याचा आभास करण्यात आला व पुडीत खडे भासवण्यात आले.’ चार ओळींत तीनदा भासवून झाले आहे, पहिल्या वाक्यात महिलाच तोतया ठरली आहे, आणि शेवटी खडे होते की नव्हते तेही कळत नाही. दुरुस्त मजकूर असा होईल :

‘महिलेने दिलेल्या फिर्यादीनुसार, पोलीस असल्याची बतावणी करून दोघांनी तिला रस्त्यात थांबवले. पुढच्या चौकात चोरी झाली आहे, अंगावर दागिने ठेवू नका, असे त्यांनी तिला सांगितले. तिने काढून दिलेल्या बांगड्या कागदात गुंडाळून परत केल्याचे भासवून ते निघून गेले. घरी आल्यावर पुडी उघडली तेव्हा तीत खडे निघाले.’

ओळखीसाठी येथे बतावणी आली. बांगड्या परत केल्या नव्हत्या आणि ते त्या दोघांना ठाऊक होते, म्हणून तेथे ‘भासवून’ ठेवले. चोरीच्या वाक्यात मात्र ‘सांगितले’ हेच क्रियापद योग्य आहे, कारण त्या चौकात खरोखर चोरी झाली होती की नाही, हे पोलीस ठाण्यात विचारून घेईपर्यंत आपल्याला माहीत नसते.